झाकणाच्या आतला निळा

योगेशचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी बँकेत कामावर होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. "नाना उठत नाहीयेत," एवढंच तो म्हणाला आणि थांबला... पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. मी सुरतेतल्या डिंडोलीला घरी पोहोचले तेव्हा शेजारच्या बायका ओट्यावर जमल्या होत्या आणि नाना, माझे सासरे, आपल्या खोलीत उजव्या कुशीवर निजलेले होते, चादर छातीपर्यंत, एक हात गालाखाली. जेवून आडवे झाले ते तसेच गेले. त्या दिवशी सकाळी डबा भरताना मी त्यांना गवारीची भाजी चाखायला दिली होती आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मीठ कमी आहे, आणि घाईत परतलीस." आमचं शेवटचं बोलणं हेच. सहा आठवडे झाले, पण ते आठवलं की मला रडू येत नाही, हसू येतं. सासऱ्यांनी सुनेला आणि सुनेनं सासऱ्यांना इतकं सरळ बोलायचं, ही रीत आमच्यात पहिल्यापासून नव्हती. ती कशी आली हे सांगायचं तर एका सायकलची हकीकत सांगावी लागेल.

नानांचं नाव आत्माराम. अमळनेरजवळच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी ते सुरतेत आले आणि पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगाचे डबे उचलायच्या कामाला लागले. डबे उचलता उचलता रंग बघायला शिकले आणि चाळिशीच्या आत कलर मास्टर झाले. हे काम काय असतं ते मला लग्नानंतर कळलं. व्यापारी बोटभर चिंधी आणून टेबलावर टाकतो, म्हणतो, असाच रंग पाहिजे; मास्टरने तोच रंग हजारो मीटर कापडावर उतरवून द्यायचा, केसाचाही फरक पडता कामा नये. आता त्यासाठी यंत्रं आहेत, नानांच्या उमेदीत यंत्र म्हणजे मास्टरचे डोळे. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्या शालूकडे बघून ते म्हणाले होते, "लाल चांगला आहे, जरा पिवळ्याकडे झुकला इतकंच." सगळे हसले, मी मात्र धसका घेतला. योगेशशी ते अहिराणी बोलत, माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी. फार आनंद झाला किंवा राग आला की माझ्याशीही अहिराणी निघायची, आणि ती मला कळू लागली तशी माझी भीडही कमी झाली. पण रंगाच्या बाबतीत घरात कुणी त्यांच्यापुढे तोंड उघडत नसे. पडद्याचं कापड असो की भिंतीचा डिस्टेंपर, नाना म्हणतील तो रंग.

निवृत्त झाल्यावर वर्षभर ते नुसतेच बसून होते. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. पेपर वाचायचे, तळ्यापर्यंत फेरी मारायचे, संध्याकाळी टीव्हीसमोर डुलक्या घ्यायचे. मग एका सकाळी फिरायला गेले ते एक सायकल रिमवर खडखड ढकलत घेऊन आले. वाटेवर भंगाराचं गोडाऊन आहे, तिथे लोखंडाच्या ढिगावर ती पडली होती. टायर नाहीत, सीटच्या जागी गोणपाटाचा बोळा बांधलेला, आणि सगळ्या अंगावर डांबरासारखा काळा ऑइलपेंट थापलेला. "नाना, नवीन घेऊन दिली असती की," योगेश म्हणाला. नानांनी सायकलभोवती एक चक्कर मारली, सळ्यांच्या ब्रेकवरून आणि पेटीसारख्या बंद चेनकव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हाई सायकल नही शे रे, हाई दागिना शे."

तो दागिना कुठला, किती जुना, याचा पत्ता लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण फोन मला चालवता यायचा. पुढच्या नळीवर कंपनीचा बिल्ला असतो, तो कुणीतरी कधीच उपटून नेला होता. दोन भोकं तेवढी राहिली होती. जुन्या सायकलींचा नाद असलेल्या लोकांचा एक गट इंटरनेटवर सापडला, त्यात मी फोटो टाकले, आणि कोल्हापूरचे एक निवृत्त गुरुजी आमच्या सायकलीवर लक्ष ठेवून बसले. ते रोज एक गृहपाठ द्यायचे. दोन भोकांमधलं अंतर मोजा. पेडलच्या चाकाला पाकळ्या किती ते सांगा. सीटखालच्या सांध्यावर आकडे असतील, रॉकेलने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा. नाना ओट्यावर मांडी घालून बसायचे, मी बँकेतून आल्यावर चहाचा कप बाजूला ठेवून त्यांच्यासमोर. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसे ते आकडे एकेक करून कागदावर उगवले, तेव्हा नाना पोरासारखे खूश झाले. मागच्या चाकाच्या हबवर, ग्रीसच्या थराखाली, आणखी दोन बारीक आकडे होते. ते म्हणजे सायकलचं साल, असं गुरुजींनी कळवलं. इंग्रजी बनावटीची, बोटीने आलेली सायकल, नानांच्या जन्माच्याही आधीची. "म्हणजे हिला अहो-जाहो करायला पाहिजे," नाना म्हणाले.

राहिला तो मूळ रंग. काळ्याखाली लाल निघाला, लालखाली गंज. गुरुजींनी लिहिलं, चेनकव्हरला मागच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, ते काढा; बाहेरून लोक कितीही रंग फासोत, आतून कुणी फासत नाही. तळहाताएवढं झाकण निघालं. आत कितीतरी वर्षांचं ग्रीस दगडासारखं बसलेलं. नानांनी दोन संध्याकाळ रॉकेलच्या बोळ्याने ते हलक्या हातानं सोडवलं आणि खाली मूळ रंग जसाच्या तसा निघाला, ओला असल्यासारखा चमकत. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मला तो गडद निळा दिसला, मोराच्या मानेचा असतो तसा. नानांनी झाकण डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं आणि निकाल दिला, "बाटलीहिरवा. निळ्याची जरा झाक आहे." मी काही बोलले नाही. मला वाटलं, चाळीस वर्षं रंगात काढलेला माणूस, त्यांना दिसतं ते आपल्याला कसं दिसणार...

पुढचे चार महिने घरात सायकलचंच राज्य होतं. रिमचा गंज घासून गेला, ओळखीच्या मोच्याने चामड्याची सीट शिवून दिली, टायरसाठी योगेश भागळच्या बाजारापर्यंत भटकला. रंग मात्र नानांनी स्वतः कालवला. वाटीत थेंब थेंब टाकून ते पत्र्याच्या पट्टीवर फासायचे, सुकू द्यायचे, झाकणाच्या आतल्या बाजूला लावून बघायचे आणि मान हलवायचे. अकराव्या पट्टीला ओरडले, "बसला! बघ, रेवती, बसला!" मी बघितलं. पट्टी हिरवी होती आणि झाकण निळं. योगेशनेही बघितलं आणि माझा पाय हळूच दाबला. "छान," आम्ही दोघं म्हणालो. गॅरेजवाल्याच्या कॉम्प्रेसरवर सगळी सायकल त्या हिरव्यानं रंगली. झाकणाची बाहेरची बाजूसुद्धा, आतली तेवढी नमुना म्हणून तशीच ठेवली. मडगार्डांवर नानांनी बारीक ब्रशनं सोनेरी रेघा ओढल्या, श्वास रोखून, एका दमात. सायकल देखणी झाली होती यात शंका नाही. सोसायटीतले लोक शेजारी उभं राहून फोटो काढून घेत. गुरुजींना मी झाकणासकट फोटो पाठवले, त्यांनी कळवलं, "फार सुंदर. फोटोत रंग थोडे वेगळे येतात."

त्यानंतर काही दिवसांनी नाना ओट्याच्या पायरीवर अडखळून पडले. लागलं नाही फारसं, पण योगेश त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही आजकालचा नव्हे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही; सगळं जग पिवळट काचेतून बघितल्यासारखं होतं आणि निळा रंग आधी हरवतो. हे योगेशनं घरी येऊन मला स्वयंपाकघरात सांगितलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा गप्प बसलो. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

आठवडाभराने सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर गेले तर नाना सायकलसमोर बसले होते, मांडीवर ते झाकण. डावा डोळा हातानं झाकून झाकण उलटं-सुलटं करून बघत होते. मग उजवा झाकून. असं चार-पाच वेळा केलं. मला बघून म्हणाले, "ह्या डोळ्याने एकच रंग दिसतो. ह्या डोळ्याने दोन." मी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, कदाचित कितीतरी वर्षांनी नीट बघितलं असेल.

"तुले दिसनं व्हतं ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलनी का बरं नही?"

"तुम्ही मास्टर, नाना... मी कशी बोलू?" मी म्हणाले.

मला वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत. चहा निवत राहिला आणि ते नुसते झाकणाकडे बघत राहिले. तिसऱ्या संध्याकाळी मला बोलावून समोर बसवलं आणि मला कधीच माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी फिरोजी साड्यांचा एक मोठा लॉट होता. त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये जगदीशभाई म्हणून एक गुजराती गृहस्थ होते, पंधरा वर्षांचा सहवास. त्यांनी नमुना बघून सांगितलं, "मास्टर, ब्लू ओछो लागे छे." निळा कमी वाटतो. नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, तू मला रंग शिकवणार का? लॉट गेला आणि व्यापाऱ्याने जसाच्या तसा परत पाठवला. नानांची खात्री होती की त्यांची नजर चुकणार नाही. म्हणजे लॅबमध्ये रंगाचं वजन चुकलं असणार. तसं त्यांनी कागदावर लिहून दिलं. जगदीशभाईंना लॅबमधून काढून गोडाऊनला टाकलं, महिन्याभरात ते नोकरी सोडून पलसाण्याला एका युनिटमध्ये गेले. नाना पुढच्या वर्षी हारतुरे घेऊन निवृत्त झाले. "जो बोलला, त्याला मी घालवला," नाना म्हणाले, "आणि जी बोलली नाही, तिला चांगली सून म्हणत राहिलो."

डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली होती. तीन आठवडे त्यांनी कसेबसे काढले, दरम्यान दुसरा डोळाही झाला. मग एका रविवारी गॉगल लावून माझ्या स्कूटरवर मागे बसले, खिशात झाकण. जगदीशभाईंची त्या रविवारी पाळी आहे हे त्यांनी कुठून तरी काढलं होतं. पलसाण्याला हायवेला लागून युनिटच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे आम्ही थांबलो आणि आत निरोप पाठवला. पन्नाशीचे, टक्कल पडलेले एक गृहस्थ हात पुसत बाहेर आले, मनगटापर्यंत रंग. नानांना बघून जागच्या जागी थबकले. मग म्हणाले, "आवो मास्टर, बेसो."

चहा आला. नानांनी झाकण टेबलावर ठेवलं. "आत आहे तो मूळ रंग, बाहेरचा मी जुळवलेला. ह्यात काय कमी आहे ते सांग." जगदीशभाई झाकण घेऊन टपरीच्या पत्र्याखालून उन्हात गेले. दोन वेळा उलटवून बघितलं. परत येऊन माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं. "मास्टर, सांगू?"

"तेवढ्यासाठीच आलो."

"ब्लू."

"तेव्हाही ब्लूच कमी होता," नाना म्हणाले. "वजन बरोबर होतं तुझं. माझे डोळे गेले होते, आणि मी तुझ्या नावावर लिहिलं."

हायवेवरून ट्रक जात राहिले. जगदीशभाई शेवटी म्हणाले, "मोतियो तो मारा बापाने पण हतो, मास्टर." माझ्या बापालाही मोतीबिंदू होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं, मिटलं... पण त्यांनी कप खाली ठेवला आणि सुरतेत सगळे बोलतात तशा सरमिसळ मराठीत पुढे म्हणाले, "पण तुम्ही हे इथे बोलले, टपरीवर. ते तर तिथे लिहिलं होतं ना, सगळ्यांच्या सामने." नाना उठून उभे राहिले. "बरोबर आहे," म्हणाले. परत येताना स्कूटरवर मागे बसून ते एकच वाक्य बोलले, "अजून उन्हात नेऊन बघतो तो." त्यात मला अभिमान ऐकू आला.

सोमवारी ते एकटेच पांडेसऱ्याला गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच नंतर रंगवून सांगितलं. लॅबमधले आठ-दहा लोक गोळा केले, आता कारभार बघणाऱ्या मालकाच्या मुलालाही बोलावून घेतलं आणि उभं राहून सांगितलं की फिरोजी लॉटची चूक माझी होती, जगदीशची नव्हती. मुलगा म्हणाला, "मास्टर, इतनी पुरानी बात के लिए इतनी दूर आए?" नाना म्हणाले, "दूर कहाँ, रिक्षाने पाऊण तास." जुन्या लोकांपैकी काहींनी मान खाली घातली, एकदोघं हसले, नव्या मास्टरने चहा मागवला. नानांनी कागद मागून घेतला, हे सगळं लिहून सही केली आणि आले. तो कागद कुणी फाइलला लावला की टाकून दिला, देव जाणे. पण जगदीशभाईंचा मेहुणा अजून तिथे कापडाच्या घडी खात्यात आहे. गोष्ट त्याच संध्याकाळी पलसाण्याला पोहोचली असणार. कारण पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या फाटकाशी एक मोटारसायकल थांबली आणि जगदीशभाई रंगाच्या चार बाटल्या पिशवीत घालून उतरले.

तोवर नानांनी सायकल पुन्हा उघडी करून ठेवली होती. स्वतःच्या हातांनी ओढलेल्या सोनेरी रेघांवरून पॉलिशपेपर फिरवताना त्यांचा चेहरा कसनुसा होईल असं मला वाटलं होतं, पण ते गुणगुणत होते. "लॉट परत आला," म्हणाले, "रिप्रोसेस करावा लागतो." दोघांनी ओट्यावर फतकल मारली आणि तीन तास रंग कालवला. मध्ये भांडले, जुन्या कुठल्यातरी मरून रंगावरून पुन्हा भांडले, दोनदा चहा झाला. शेवटी एक पट्टी दोघांनाही पटली तेव्हा नानांनी मला हाक मारली. "आता ही बघेल." मी पट्टी आणि झाकण घेऊन उन्हात गेले. "अजून थेंबभर निळा," मी म्हणाले. जगदीशभाईंनी बाटली उचलली, एक थेंब टाकला, काडीनं ढवळलं... आणि रंग बसला. रंगवून झाल्यावर ते झाकण कितीही उलटं-सुलटं केलं तरी आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं ते सांगता येईना. गुरुजींना फोटो गेला, उत्तर पाच मिनिटांत आलं, "आता बरोबर. मागच्या वेळी बोलायचं राहून गेलं." नाना ठसका लागेपर्यंत हसले. "हाऊ बी!" म्हणाले. हाही त्यातलाच!

त्यानंतरची दोन वर्षं, मला विचाराल तर, नानांची सगळ्यात चांगली होती. ते सायकल चालवू लागले, जगदीशभाई दर रविवारी येऊ लागले, आणि मला एक कामच लागलं. शर्ट कसा दिसतो, दाढी नीट झाली का, शेजाऱ्यांशी मी जास्त बोललो का, सगळं मला विचारायचं आणि मी खरं सांगायचं. सुरुवातीला जीभ अडखळायची. एकदा मी म्हणाले, "नाना, तुम्ही टीव्ही फार मोठ्यानं लावता," तर त्यांनी आवाज कमी केला आणि योगेशकडे बघून डोळे मिचकावले. त्यांच्या बाजूनेही हिशेब चोख असायचा. माझ्या फसलेल्या एकाही भाजीला त्यांनी सवलत दिली नाही. माहेरी आईला हे सांगितलं तर तिला काळजी वाटली. मला मात्र त्या घरात पहिल्यांदा पाय पसरून बसल्यासारखं वाटत होतं.

नाना रोज सकाळी सातला सायकल घेऊन तळ्याला चक्कर मारून यायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला वळण आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिथलं माणूस ओळखू येत नाही, पण वळणावर तो निळा दिसला की मी चहाचं आधण ठेवायची. सायकल उभी करून, हातपाय धुऊन ते आत येईपर्यंत चहा तयार. गेल्या रविवारी जगदीशभाई आले. दोन्ही चाकांत हवा भरली, चेनला तेल दिलं आणि "एक चक्कर मारून बघतो, उभी राहून आखडेल" असं काहीतरी पुटपुटत सायकल घेऊन गेले. मी स्वयंपाकघरात खिडकीपाशी कणीक मळत होते. थोड्या वेळानं सहज मान वर केली तर वळणावर निळा दिसला. कोण चालवतंय ते कळायच्या आधी माझा हात चहाच्या पातेल्याकडे गेला होता.